जिभेला टोपरं

गेल्या आठवड्यात माझी झोप उडाली ती एका अक्षरामुळे. ते अक्षर माझ्या मुलीच्या आत आहे. ते चुकलेलं आहे असं कुणीही म्हणालेलं नाही. वेगळं आहे, एवढंच म्हणाले.

जुई चार वर्षांची आहे. तिला सारखा खोकला होतो म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं होतं. मग एका संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवून समजावून सांगितलं.

"शरीरात पहारा करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर एक प्रथिन असतं. वाटेत पडलेलं काय उचलायचं आणि काय राहू द्यायचं, ते हे प्रथिन शिवून ओळखतं. मेलेल्या पेशी, जंतू, मोडतोड. सफाई खातं म्हणा ना. हे प्रथिन कसं बनवायचं ते एका जनुकात लिहिलेलं असतं. तुमच्या मुलीच्या त्या जनुकात एक अक्षर वेगळं निघालंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे वेगळं निघालंय."

"त्याने काय होतं?"

"बहुतेकांना काहीच होत नाही."

"आणि बहुतेकांत जे नसतात त्यांना?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात जुईने त्यांच्या टेबलाचा कोपरा चाटून घेतला. "खेळू द्या तिला," डॉक्टर म्हणाले.

मी शिकलेली बाई आहे. बारावीला जीवशास्त्रात मला चांगले मार्क होते. त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं मला नीट समजलं, आणि घरी आल्याबरोबर मी जुईचं वाळूत खेळणं बंद केलं.

आमच्या सोसायटीच्या आवारात मुलांसाठी वाळूचा खड्डा केलेला आहे. मांजरं त्याचा काय उपयोग करतात ते मला गॅलरीतून दिसतं.

आज दुपारी वरणभात खाताना जुईने विचारलं, "मी खड्ड्यात का नाही जायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मी गोष्ट सांगते. समोर मूल एकच होतं, पण गोष्टीत 'मुलांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हटलं.

तर मुलांनो, एका जंगलात एक पाणवठा होता आणि त्या पाणवठ्यावर एक शिस्त होती.

सकाळी कितीही तहान लागली तरी तरसाने चाटल्याशिवाय कुणी पाणी प्यायचं नाही. सगळे प्राणी रांगेत उभे राहत आणि तोंड दुसरीकडे फिरवत. तरस पाण्याच्या काठाकाठाने फिरे. रात्रीतून जे काही तिथे येऊन पडलं असेल त्याला जिभेचं टोक लावे. मग दोनच शब्दांपैकी एक म्हणे. "आपलं" म्हटलं तर ते तिथेच राहू द्यायचं. "गेलं" म्हटलं तर ते ओढत नेऊन टेकडीमागच्या खड्ड्यात टाकायचं.

"सगळं चाटायचं?" जुई म्हणाली.

"सगळं."

"मीपण चाटते."

"माहीत आहे मला. घास घे."

हे काम तरसांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. ते त्यांना कुणी शिकवत नसे. पिल्लू जन्मायचं ते तशी जीभ घेऊनच जन्मायचं. जंगलाला या कामाची गरज होती, पण कौतुक नव्हतं. लग्नाकार्यात तरसांना शेवटच्या पंगतीला बसवत. तेही वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

त्या वेळी चाटायचं काम म्हातारे तरसआजोबा करत. ते काही गरीब स्वभावाचे नव्हते. रांगेतल्या प्रत्येकाला ते वासावरून ऐकवत, "काय हो, काल रात्री उशिरा जेवलात वाटतं. आणि घरी नाही जेवलात." त्यामुळे रांग तोंड का फिरवते याला दोन कारणं होती.

आजोबांच्या सुनेला सगळे तरसबाई म्हणत. तरसबाईंना एकच पिल्लू होतं. त्याचं नाव टिंब्या. आजोबांच्या दाढा पडल्या होत्या. त्यांच्यानंतर पाणवठा टिंब्याकडे येणार होता.

एकदा टिंब्याने जांभई दिली आणि तरसबाईंना दिसलं की त्याच्या जिभेच्या टोकाला एक खाच आहे.

खाच बारीक होती. तीळ बसेल एवढी. पण आईला दिसली म्हणजे मोठीच.

तरसबाई टिंब्याला घेऊन डॉक्टर धनेशांकडे गेल्या. धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी असतो. चोच मोठी असल्यामुळे तो काहीही म्हणाला तरी वजनदार वाटतं. डॉक्टर धनेशांनी गवताच्या पात्यावरचा दवाचा थेंब डोळ्यासमोर धरला आणि त्यातून टिंब्याची जीभ पाहिली. बराच वेळ पाहिली. मग थेंब सुकला.

"खाच आहे," ते म्हणाले.

"ती मलाही दिसली. तिचा अर्थ काय?"

"अर्थ असा की खाच आहे."

"पण त्याला ओळखता येईल ना? आपलं कुठलं, गेलेलं कुठलं?"

"येईलही. कदाचित इतरांपेक्षा बरं येईल. कदाचित जरा कमी येईल. अशी जीभ मी याआधी पाहिलेली नाही. ती वापरल्यावरच समजेल."

डॉक्टर धनेश फी म्हणून उंबर घेत. त्यांनी उंबर घेतलं.

तरसबाई घरी आल्या. 'वापरल्यावरच समजेल' या वाक्यातलं 'समजेल' हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. 'वापरल्यावर' तेवढं राहिलं. त्यांच्या मनात आलं, वापरल्यावर झिजली तर? खाच वाढली तर? त्या रात्री त्या झोपल्या नाहीत. नंतरही झोपल्या नाहीत. टिंब्या श्वास घेतोय की नाही हे बघत बसत. तो घेत असे. तेवढ्याने त्यांचं समाधान होत नसे, कारण पुढचा श्वास अजून यायचा असे.

शेजारी साळिंदराची बायको राहायची. साळूताई. जंगलातल्या सगळ्या आयांचं मंडळ तीच चालवायची. ती जवळ येऊन बसली, म्हणजे काटे असल्यामुळे थोडी लांब बसली.

"खाच का?" साळूताई म्हणाली. "आमच्या माहेरी एका कोल्ह्याच्या जिभेला खाच होती."

"मग? त्याचं पुढे काय झालं?"

"काही नाही. म्हातारा होऊन मेला."

"अहो, मग चांगलंच की."

"चांगलं कसलं? मेलाच ना शेवटी."

तरसबाईंच्या अंगावर काटा आला. साळूताईच्या तो आधीपासूनच होता.

"माझं ऐका," साळूताई म्हणाली. "त्याला काही चाटूच देऊ नका. शिंप्याकडून जिभेला टोपरं शिवून घ्या."

शिंपी हा एवढासा पक्षी. तो पानाला पान शिवून घरटं करतो. त्याने पळसाचं कोवळं पान घेतलं, कोळ्याचा धागा घेतला आणि टिंब्याच्या जिभेच्या मापाचं टोपरं शिवलं. मागे बांधायला नाडीसुद्धा केली. टोपरं सुबक झालं. टिंब्याने ते घातलं आणि त्याला सगळं जग पळसाच्या पानासारखं लागू लागलं.

"आई, दूध पानासारखं लागतं."

"लागू दे. पान पौष्टिक असतं."

"आई, तू पानासारखी लागतेस."

"मी कुठे जाते आहे? मोठा झालास की काढू."

मोठा म्हणजे केव्हा, हे तरसबाईंनी सांगितलं नाही. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

हे टोपरं इतर आयांनी पाहिलं. खाच टिंब्याच्या जिभेला होती, पण टोपरं नसलेल्या जिभा आता उघड्या वाटू लागल्या. हरणीने शिवून घेतलं. माकडिणीने दोन घेतली, एक घरचं आणि एक बाहेरचं. शिंप्याला घरटं बांधायला वेळ उरला नाही.

आजोबांना हे पटत नव्हतं. ते म्हणाले, "सूनबाई, तरसाच्या जिभेला चव लागली पाहिजे. लहानपणी घाण चाटतो, पोट दुखतं, ओकतो, शहाणा होतो. मी काय कमी ओकलोय?"

"मामंजी, तुमच्या जिभेला खाच नव्हती."

"मला काय माहीत? माझ्या जिभेकडे कोण बघायला आलं होतं?"

यावर तरसबाईंनी नाडी घट्ट केली.

पुढे आजोबा थकले. एका सकाळी ते म्हणाले, "आता मला वाकवत नाही. पाणवठा टिंब्याने बघावा." तरसबाई म्हणाल्या, "बघू दे. पण टोपरं काढायचं नाही." टिंब्या आज्ञाधारक होता. तो म्हणाला, "आईने सांगितल्याशिवाय मी टोपरं काढणार नाही."

रांग लागली. सगळ्यांनी तोंडं फिरवली. टिंब्याने काठावरचा एक ओंडका चाटला. पळस. एक दगड चाटला. पळस. त्याला घाम फुटला. रांग तहानलेली होती. मग त्याने स्वतःच्या मनाने एक नियम केला. हलतं ते आपलं. हलत नाही ते गेलं.

नियम सोपा होता आणि सोपे नियम सगळ्यांना आवडतात.

पहिल्यांदा त्याला कासवकाका भेटले. कासवकाका डोकं आत घेऊन उन्हाला बसले होते. टिंब्याने चाटलं, वाट पाहिली, काही हललं नाही. "गेलं," तो म्हणाला आणि कासवकाकांना ओढत घेऊन गेला. कासवकाका आतून "अरे" म्हणाले. पण त्यांना एक वाक्य पूर्ण करायला संध्याकाळ होते. पुढचा शब्द येईपर्यंत ते खड्ड्यात होते.

"मग?" जुई म्हणाली. तिचा घास हातात राहिला होता.

"मग पुढे ऐक."

पुढे काठावर एक मेलेली घोरपड पडली होती. चांगली फुगलेली होती. पाण्याच्या लाटांनी तिची शेपटी इकडून तिकडे हलत होती. टिंब्याने तिला नमस्कार केला. "आपलं," तो म्हणाला आणि पुढे गेला. सगळे पाणी प्यायले.

संध्याकाळपासून जंगलाचं पोट दुखू लागलं. ससे आडवे झाले. माकडं झाडावरून खाली उतरली आणि चढू शकली नाहीत. साळूताईने तातडीने आयांच्या मंडळाची सभा बोलावली.

"बघा," ती म्हणाली. "किती रोगराई आहे बघा. आणि अशा दिवसांत आपण मुलांना एकेरी टोपरं घालतोय."

सभेला हे पटलं. टोपरी दुहेरी करायचं ठरलं. घोरपडीचा विषय निघाला नाही, कारण ती आपली होती.

तरसबाईंनी टिंब्याला दुहेरी टोपरं घातलं. त्यांची काळजीही दुहेरी झाली. पूर्वी त्या नुसतं टिंब्याच्या श्वासाकडे बघत. आता नाडीकडेही बघत. डोळे आत गेले. पट्टे फिके पडले. आजोबा म्हणाले, "सूनबाई, जरा पडा." त्या म्हणाल्या, "पडून कसं चालेल?"

मग एका सकाळी टिंब्या काम कसं करतो ते बघायला त्या पाणवठ्यावर गेल्या. काठावर एका दगडाला टेकून बसल्या. ऊन कोवळं होतं. पाण्याचा आवाज येत होता. समोरून टिंब्या येताना दिसत होता, धडधाकट, शेपटी वर. तरसबाईंना वाटलं, एक क्षण डोळे मिटावेत.

इतक्या दिवसांची झोप होती. ती एका क्षणात मावली नाही. तरसबाईंचं तोंड उघडं पडलं. पाय ताठ झाले. कानावर माशी बसली तरी कान हलला नाही.

टिंब्या आला. त्याने दुहेरी टोपऱ्यातून चाटलं. पळस आणि पळस. त्याने वाट पाहिली.

"गेलं," तो म्हणाला.

"कोण गेलं?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"काय माहीत. पण बरेच दिवस झाले असावेत."

त्याने पाय धरला आणि टेकडीमागे ओढत नेलं. रांगेतल्या कुणी अडवलं नाही. रांगेने तोंड फिरवलेलं होतं.

खड्ड्यात पडल्यावर तरसबाईंना जाग आली. वर बघतात तर काठावर टिंब्या. तो मागच्या पायांनी खाली माती लोटत होता.

"टिंब्या, थांब. मी आहे."

टिंब्या थांबला नाही. आजोबांनी त्याला सांगून ठेवलं होतं की गेलेले कधी कधी आवाज काढतात, पोटात वारा धरलेला असतो, आपण घाबरायचं नाही.

"अरे, मी तुझी आई."

आता तो थांबला. वारा एवढा स्पष्ट बोलतो असं आजोबा म्हणाले नव्हते.

"कशावरून?" टिंब्या म्हणाला.

"टोपरं काढ आणि चाटून बघ."

"आईने सांगितल्याशिवाय टोपरं काढायचं नाही."

"मीच सांगते आहे."

"पण तू आई आहेस का ते टोपरं काढल्यावर कळणार."

"मग काढ."

"आईने सांगितलं तर काढेन."

मुलगा चुकत नव्हता. त्याला हे सगळं तरसबाईंनीच शिकवलं होतं आणि तो ते उत्तम शिकला होता. माती पुन्हा पडायला लागली. ती त्यांच्या गुडघ्यापर्यंत आली. तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं की हा असाच मोठा होणार आहे. काठावरचं जे जे दमून झोपेल ते ते हा ओढून आणणार, आणि रांग त्याचं पाणी पिणार. खाच असो नाहीतर नसो.

"टिंब्या," त्या म्हणाल्या, "वारा सुटलाय. कान झाकलेस का?"

टिंब्याचे पाय थांबले. त्याने कान झाकले नव्हते. तो जरा वाकला, फक्त बघायला, की हे गेलेलं कोण आहे ज्याला आपल्या कानांची पडली आहे. तेवढं वाकणं पुरलं. तरसबाईंनी मातीच्या ढिगावर उभं राहून उडी मारली, दातांत नाडी धरली आणि दुहेरी टोपरं ओढून काढलं.

टिंब्याची जीभ उघडी पडली. खाच होती तिथेच होती. तो खूप घाबरला. मग त्याने घाबरत घाबरत ती आईच्या नाकाला लावली.



"आपलं," तो म्हणाला. मग पुन्हा चाटलं. "जरा शिळं आहे. पण आपलं."

त्यानंतर त्याला थांबवणं कठीण गेलं. त्याने खड्ड्याचा काठ चाटला, माती चाटली, पाणवठ्यावर जाऊन घोरपड चाटली आणि तिला "गेलं" म्हटलं. त्याचं पोट दुखलं. तो ओकला. त्याच्या आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि टोपऱ्याकडे बघितलं. टोपरं चिखलात पडलं होतं. ते तिने उचललं. झटकलं. आणि मुलांनो, खोटं कशाला सांगू, तिने ते खिशात ठेवलं.

"तरसाला खिसा नसतो," जुई म्हणाली.

"या तरसाला होता."

पुढे जंगलाचं पोट बरं झालं. टिंब्या चांगला चाटू लागला. आजोबांपेक्षा थोडा बरा, असं काही म्हणत. थोडा कमी, असं काही म्हणत. रांगेत कोण काय जेवलं तेही सांगू लागला. डॉक्टर धनेशांना पुन्हा जीभ दाखवली. त्यांनी दवाच्या थेंबातून बराच वेळ पाहिलं. "खाच आहे," ते म्हणाले आणि उंबर घेतलं.

साळूताईच्या मंडळाने सभा घेतली. त्यात असं ठरलं की एवढे दिवस टोपरं होतं म्हणूनच ऐन वेळी जीभ ताजी निघाली. सबब टोपऱ्याचे आभार मानण्यात आले. तरसबाईंना नारळ देऊन 'आज्ञाधारक मूल कसं घडवावं' यावर दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या आणि उभ्याउभ्याच त्यांना डुलकी लागली. शेजारच्यांनी त्यांना घाईघाईने हलवलं.

तात्पर्य: आयांनी मुलांची काळजी अवश्य करावी. दिवसरात्र करावी. फक्त करताना सारखं हलत राहावं.

गोष्ट संपली. जुईचा भात ताटलीत तसाच होता. तो गार झाला होता. मला वाटलं, आता ती खाचेबद्दल विचारणार. किंवा विचारेल की तिला टोपरं घालायचं आहे का. दोन्हींची उत्तरं मी मनात तयार करून ठेवली, आणि दोन्ही चांगली नव्हती.

तिने बोटाला लागलेलं वरण चाटलं. मग खुर्चीवरून उतरली आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागली. उजवी चप्पल डाव्या पायात घातली.

"आई," ती म्हणाली, "कासवकाका खड्ड्यातच राहिले. मी खाली जाऊन बघून येते."